वाजवून गेलेली माणसं

23 मे 1977 च्या संध्याकाळी मँचेस्टरच्या किंग स्ट्रीटवर, एका कलासंस्थेच्या तळघरात, एक नवा बँड पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला. शहरातल्या होतकरू वादकांनी मिळून चालवलेल्या एका मंडळाचा तो कार्यक्रम होता. ऐकायला आलेलेही बरेचसे स्वतः वाजवणारेच. गाणारा मुलगा वीस वर्षांचा. त्याच्या पाठीमागे ड्रमवर बसलेला तरुण तेवढा एक कार्यक्रम वाजवून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे चाळीस वर्षं हा बँड चालला. त्याच्यावर पुस्तकं निघाली. कुठलं गाणं कुठल्या गावात कोणत्या तारखेला वाजवलं, याच्या याद्या चाहत्यांनी हौसेनं तयार केल्या. पण त्या पहिल्या ड्रमरचं नाव नेमकं काय, हा घोळ कित्येक वर्षं मिटला नव्हता.

द फॉल या बँडची गोष्ट मला त्या तरुणापासून सुरू करावीशी वाटते. सर्वसाधारणपणे ती सुरू होते गाणाऱ्या मुलापासून, आणि संपतेही त्याच्याचपाशी. त्याचं नाव मार्क ई. स्मिथ. 1976 साली बँडची जुळवाजुळव झाली तेव्हा तो होता आणि 24 जानेवारी 2018 रोजी तो वारला तेव्हा बँडही संपला. मधल्या काळात तीसहून अधिक स्टुडिओ अल्बम निघाले आणि 66 च्या आसपास माणसं बँडमध्ये येऊन गेली. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जणांना वर्षभरही तिथे काढता आलं नाही. स्मिथ स्वतः म्हणत असे की, मी आणि तुमची आजी बोंगो घेऊन उभे राहिलो, तरी तो द फॉलच असेल. हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलं की बँडची व्याख्याच होऊन बसलं. पुढची पानं मी त्या वाक्याशी वाद घालण्यासाठी लिहिली आहेत.

ज्या वाचकांनी हा बँड ऐकलेलाच नाही, त्यांना आधी त्याचा आवाज कसा होता ते सांगायला हवं. हे अवघड आहे. स्मिथ रूढ अर्थानं गात नव्हता. तो बोलायचा, करवादायचा, पुटपुटायचा, मध्येच एखादा शब्द भिरकावल्यासारखा टाकायचा, आणि ओळीच्या शेवटी ‘अह्’ असा एक हुंकार जोडायचा. हातात बऱ्याचदा कागदांचा गठ्ठा असे. कधी घरी टेपवर बोलून ठेवलेलं काहीतरी स्टेजवर वाजवी. त्याच्या मागे दोन गिटार, बेस, ड्रम, बहुधा एखादा स्वस्तातला कीबोर्ड. गिटारवादकांना लांबलचक सोलो वाजवायला मुभा नव्हती. एक छोटा तुकडा घ्यायचा आणि तो वाजवत राहायचं. पाच मिनिटं, सात मिनिटं, लागतील तितकी. अशा संगीताला तेव्हा पोस्ट-पंक म्हणत, पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जे अल्टरनेटिव्ह रॉक म्हणून नावारूपाला आलं त्याच्या मुळाशी ते आहे. नव्वदच्या दशकात पेव्हमेंटसारख्या अमेरिकी बँडच्या पहिल्या गाण्यांत द फॉलचे संस्कार इतके स्पष्ट ऐकू येतात की स्मिथ त्यावरून जाहीरपणे कुरकुरत असे.

स्मिथचा जन्म 1957 चा, सॅलफर्डमधला. मँचेस्टरच्या उत्तरेकडच्या प्रेस्टविच या उपनगरात तो वाढला आणि नाव झाल्यावरही तिथेच राहिला. कॉलेज अर्धवट सोडून तो मँचेस्टरच्या गोदीत मालवाहतुकीच्या कचेरीत कारकुनी करत होता. मार्टिन ब्राम, ऊना बेन्स, टोनी फ्रील हे त्याचे मित्र. चौघं एकमेकांच्या घरी जमून लिहिलेलं वाचून दाखवायचे, रेकॉर्ड ऐकायचे: व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, कॅप्टन बीफहार्ट, जर्मनीतला कॅन हा बँड. 1976 च्या उन्हाळ्यात सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला. तो पाहून शहरातल्या अनेकांना वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. या चौघांनाही तसंच वाटलं. नाव घेतलं आल्बेर काम्यूच्या कादंबरीवरून. कोण काय वाजवणार हेही नंतर ठरलं. स्मिथला कुठलंच वाद्य धड येत नव्हतं, म्हणून गाणं त्याच्याकडे आलं.

ऊना बेन्स प्रेस्टविचच्या मोठ्या मनोरुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेत होती. बँडची पहिली व्यवस्थापक के कॅरल हीसुद्धा त्याच रुग्णालयात परिचारिका होती. सुरुवातीच्या गाण्यांत औषधांची नावं, वॉर्डांतली माणसं, उपचारांच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टी यांबद्दलचा जो संताप आहे, तो या दोघींनी तिथून घरी आणलेला आहे. स्मिथच्या शब्दसंपत्तीचं कौतुक करताना हे सहसा कुणी सांगत नाही. तो विलक्षण वाचक होता. आर्थर मॅकन, एम. आर. जेम्स, लव्हक्राफ्ट, विंडम लुईस हे त्याचे लेखक. पण त्याच्या गाण्यातली माणसं पुस्तकांतून आलेली नाहीत. ती गोदीतून, बिंगोच्या हॉलमधून, कामगारांच्या क्लबांतून आणि त्या रुग्णालयातून आलेली आहेत, आणि त्यांना घेऊन येणारे हात एकट्या स्मिथचे नव्हते.

पहिल्या कार्यक्रमानंतर दोन वर्षांच्या आत ही मूळ मंडळी पांगली. 1977 च्या अखेरीस फ्रील गेला, पुढच्या वसंतात बेन्स गेली. ‘लाइव्ह ॲट द विच ट्रायल्स’ हा पहिला अल्बम डिसेंबर 1978 मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि तो दुकानांत येईपर्यंत त्यावर वाजवणारा ड्रमर कार्ल बर्न्स बँडमध्ये नव्हता. एप्रिल 1979 मध्ये ब्रामनेही बँड सोडला. संस्थापकांपैकी स्मिथ एकटा उरला. इतर कुठल्याही बँडची कहाणी इथे संपली असती.

ती संपली नाही याचं कारण म्हणजे तीन पोरं. मार्क रायली आधी बँडचं सामान उचलायचा. क्रेग स्कॅनलन आणि स्टीव्ह हॅन्ली हे मित्र. त्यांचा स्वतःचा एक बँड होता आणि त्यांनी द फॉलच्या कार्यक्रमांआधी वाजवलेलं होतं. म्हणजे तिघंही मुळात या बँडचे चाहते. चाहते म्हणून समोर उभं राहून जे ऐकलं होतं, तेच आता त्यांना वाजवायचं होतं. हॅन्ली तेव्हा विशीत पाऊल टाकत होता. तो 1979 साली बेस गिटार घेऊन आला आणि 1998 पर्यंत राहिला. स्कॅनलन 1995 पर्यंत राहिला. 1980 मध्ये हॅन्लीचा धाकटा भाऊ पॉल ड्रमवर आला. तो तर अजून शाळेतच जात होता.

मी द फॉल पहिल्यांदा ऐकलं ते बँडच्या उत्तरार्धात. 2004 साली त्यांचा ‘50,000 फॉल फॅन्स कान्ट बी राँग’ नावाचा दोन सीडींचा संग्रह निघाला होता, तो इंग्लंडहून परतलेल्या एका मैत्रिणीनं माझ्या हाती ठेवला. त्यात अगदी सुरुवातीला ‘रिपिटिशन’ हे गाणं आहे, 1978 च्या पहिल्या छोट्या रेकॉर्डवरचं. त्याचा विषयच पुनरावृत्ती: आम्ही तेच ते वाजवतो आणि वाजवत राहणार, अशी ती जाहीर घोषणा. वाद्यं ढिली, गाणारा बेसूर, आणि पाच मिनिटांत फारसं काहीच घडत नाही. पहिल्यांदा मी ते मध्येच बंद केलं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं की ते डोक्यात चालूच आहे. आपल्याकडे भजनाला बसलेल्या कुणालाही ठेका धरणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. गाणारा कितीही हरवला, भरकटला, तरी मृदंगावरचा हात जागचा हलत नाही, म्हणून तर गाणाऱ्याला भरकटता येतं. द फॉलमध्ये हे काम बेस करतो. स्मिथ मोकळा सुटतो, शब्द विसरतो, दुसऱ्याच गाण्याचं वाक्य मध्ये घुसवतो, आणि खाली हॅन्ली तोच चार-पाच सुरांचा तुकडा जड पावलांनी वाजवत राहतो. दहा अल्बम ऐकून झाल्यावर मला कळलं की मी स्मिथसाठी आले होते आणि थांबले हॅन्लीसाठी. स्मिथलाही हे माहीत होतं. ऐन भरातल्या काळात एका मुलाखतीत त्यानं, हॅन्ली हाच द फॉलचा आवाज आहे, अशा अर्थाचं बोलून दाखवलं होतं. बोंगोवाल्या आजीचं वाक्य जगभर गेलं आणि हे मात्र मागे राहिलं.

1982 चा ‘हेक्स एन्डक्शन अवर’ हा अल्बम या काळाचं शिखर आहे, असं मला वाटतं. आदल्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर पॉल हॅन्लीला वयामुळे जाता आलं नव्हतं, म्हणून कार्ल बर्न्सला परत बोलावलं गेलं. पॉल परतल्यावर बर्न्सला जा म्हणण्याऐवजी दोघंही ठेवले गेले, आणि बँडला दोन ड्रमर मिळाले. या योगायोगातून त्या अल्बमचा दणका जन्माला आला. त्यातली काही गाणी आइसलँडमध्ये, रेक्याविकच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आणि बाकीची इंग्लंडमधल्या हिचिन गावच्या बंद पडलेल्या चित्रपटगृहात. आइसलँडमध्ये ‘हिप प्रीस्ट’ झालं. अगदी हळू, जवळजवळ सरपटत जाणारं हे गाणं. बेस आणि ड्रम इतके संयमानं वाजतात की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. पुढे 1991 साली ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या चित्रपटाच्या शेवटी, तळघरातल्या त्या भयंकर प्रसंगात, हेच गाणं वापरलं गेलं. लाखो लोकांनी ते तिथे ऐकलं असेल, कुणाचं आहे हे न कळता. त्याच मुक्कामात स्मिथनं हॉटेलच्या खिडकीबाहेरच्या वाऱ्याचा आवाज टेप केला आणि ‘आइसलँड’ या गाण्यात घातला. सबंध अल्बम तासभराचा आहे. तो एका बैठकीत ऐकावा, अशी माझी वाचकाला कळकळीची विनंती आहे.

या बँडचा इतिहास लिहिताना जॉन पील यांना वगळता येत नाही. बीबीसीवरच्या त्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात नव्या बँडांना बोलावून एका दिवसात साधारण चार गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यायची पद्धत होती. द फॉलची अशी 24 सत्रं झाली, पहिलं 1978 साली आणि शेवटचं 2004 साली, पील यांचं निधन झालं त्याच वर्षी. इतकी सत्रं फार थोड्या बँडांच्या वाट्याला आली. पील यांनी द फॉलच्या रेकॉर्ड घरात वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि हा बँड दर वेळी वेगळा असतो व दर वेळी तोच असतो, असं ते म्हणत. माझ्या दृष्टीनं या सत्रांचं मोल आणखी एका कारणासाठी आहे. 26 वर्षांत बँडमध्ये कोण आलं, कोण गेलं, याचा तो सलग पुरावा आहे. वेळ थोडा, स्टुडिओ बीबीसीचाच, फेरफार करायला वाव नाही. त्यामुळे एखादा माणूस गेल्यावर आवाजात नेमकं काय गेलं, ते त्या सत्रांत सरळ ऐकू येतं. 2005 मध्ये ती सगळी एकत्र प्रसिद्ध झाली. हे पुस्तक लिहिताना मी त्यांच्याकडे परत परत गेले.

मार्क रायलीचं जाणं हा पहिला मोठा घाव होता. 1982 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात एका रात्री कार्यक्रमानंतर बँडमधली मुलं नाचायला गेली. कार्यक्रम नीट झाला नाही आणि वर ही नाचतात, या रागानं स्मिथनं त्यांच्या थोबाडीत दिल्या. रायलीनं उलट मारलं. काही महिन्यांत त्याला काढलं गेलं. तो पुढे बीबीसीचा निवेदक म्हणून नावारूपाला आला. रायलीपाठोपाठ 1983 मध्ये के कॅरल अमेरिकेतल्या दौऱ्यातच निघून गेली, आणि त्याच दौऱ्यात शिकागोला स्मिथची भेट वीस वर्षांच्या ब्रिक्सशी झाली. लवकरच दोघांचं लग्न झालं, ती गिटार घेऊन बँडमध्ये आली, आणि द फॉलच्या संगीतात पहिल्यांदाच गुणगुणता येतील अशा चाली दिसू लागल्या. 1984 चा ‘द वंडरफुल अँड फ्राइटनिंग वर्ल्ड ऑफ’ आणि 1985 चा ‘धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस’ हे अल्बम पुष्कळ जणांना सर्वांत जवळचे वाटतात, आणि नवख्या श्रोत्यानं तिथूनच सुरुवात करावी. लोकप्रियतेच्या यादीत बँड आला तो याच काळात, तोही दुसऱ्यांची जुनी गाणी गाऊन. 1986 मध्ये ड्रमवर सायमन वोल्स्टनक्रॉफ्ट आला. जॉनी मार आणि अँडी रूर्क यांच्याबरोबर तो आधी वाजवत होता. ते दोघं पुढे ज्या बँडमुळे जगप्रसिद्ध झाले, त्या द स्मिथ्सला मात्र त्यानं नकार दिला होता. द फॉलमध्ये तो अकरा वर्षं टिकला.

1988 मधला एक प्रसंग मला विशेष आवडतो. नर्तक मायकल क्लार्क याच्या नृत्यसंस्थेनं द फॉलबरोबर एक बॅले बसवला, ऑरेंजच्या विल्यमनं इंग्लंडची गादी घेतली त्याच्या त्रिशताब्दीनिमित्त. ॲमस्टरडॅम, एडिंबरा आणि लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये त्याचे प्रयोग झाले. स्टेजवर बँड प्रत्यक्ष वाजवत असे, ब्रिक्स एका महाकाय हॅम्बर्गरवर बसून गिटार वाजवे, आणि नर्तक फुटबॉलच्या संघांचे पोशाख घालून नाचत. रात्रीमागून रात्र, नर्तकांच्या पावलांशी जुळवून, तीच गाणी त्याच लयीत वाजवायची होती. एरवी स्मिथ स्टेजवर फिरून वादकांच्या ॲम्प्लिफायरची बटणं पिळायचा, त्यांना गोंधळात टाकायचा. हाच त्याचा संगीत ताजं ठेवण्याचा मार्ग होता. इथे नर्तकांचा तोल त्या लयीवर अवलंबून होता, आणि ती लय ज्यांच्या हातात होती त्यांनी ती निष्ठेनं सांभाळली.

ब्रिक्स 1989 मध्ये गेली, नव्वदीत काही काळ परत येऊन पुन्हा गेली. ब्राम परत आला, आणि 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातच त्याला व कीबोर्डवरच्या मार्शिया स्कोफील्डला काढून टाकलं गेलं. 1993 चा ‘द इन्फोटेन्मेंट स्कॅन’ इंग्लंडच्या अल्बमांच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोहोचला. इतकं यश आधी कधी मिळालं नव्हतं. दोन वर्षांनी स्कॅनलन काढला गेला, सोळा वर्षांच्या सोबतीनंतर. आपल्या हातून झालेली ही चूक होती, असं स्मिथनं नंतर कबूल केलं. या माणसाच्या तोंडून असा पश्चात्ताप क्वचितच ऐकू आला.

मग एप्रिल 1998. न्यू यॉर्कमधल्या ब्राउनीज नावाच्या लहानशा क्लबात कार्यक्रम चालू असताना स्टेजवरच मारामारी झाली. त्याच रात्री हॉटेलात कीबोर्डवादक ज्युलिया नेगलशी झालेल्या झटापटीवरून स्मिथला अटक झाली. हॅन्ली, बर्न्स आणि गिटारवादक टॉमी क्रूक्स यांनी बँड सोडला. हॅन्लीची एकोणीस वर्षं त्या एका रात्रीत संपली. मँचेस्टरला परतून तो एका शाळेत देखभालीचं काम करू लागला. 2014 साली त्याचं ‘द बिग मिडवीक’ हे आत्मकथन आलं. रॉक संगीतावरची मी वाचलेली बहुतेक आत्मचरित्रं पुढे उभं राहणाऱ्यांची आहेत. हे मागे उभं राहणाऱ्याचं आहे, व्हॅन कोण चालवतो, पैसे कुणाला कधी मिळतात, लहान मूल घरी असताना दौऱ्यावर जायचं की नाही, हे सगळं त्यात आहे, आणि कटुता जवळजवळ नाही. हे पुस्तक लिहावं असं मला त्या आत्मकथनामुळे वाटलं.

इथे थोडा हिशेब मांडते. ‘सतत माणसं बदलणारा बँड’ अशी द फॉलची ओळख आहे आणि 66 हा आकडा नेहमी तोंडावर फेकला जातो. पण 1979 ते 1998 अशी एकोणीस वर्षं बेस एकाच माणसाच्या हाती होता, आणि त्यांतली सोळा वर्षं गिटारही एकाच्याच. पुढे 2007 च्या सुमारापासून अखेरपर्यंत बेसवर डेव्ह स्पर, गिटारवर पीट ग्रीनवे आणि ड्रमवर कीरन मेलिंग हे तिघं एकत्र राहिले. स्मिथची तिसरी पत्नी एलेनी पुलू 2002 पासून चौदा वर्षं कीबोर्डवर होती. म्हणजे एकेचाळीस वर्षांपैकी साधारण तीस वर्षं या बँडला एक पक्का कणा होता. खळबळ होती ती बाजूंना, आणि त्या दोन कालखंडांच्या मधल्या फटीत. ज्या वर्षांत कणा नव्हता त्या वर्षांतलं ध्वनिमुद्रण ऐकून पाहावं; 1998 नंतरचे दोन-तीन अल्बम धडपडतात, आणि काही गाणी सुंदर असूनही पाय जमिनीवर टेकत नाहीत. माणसं बदलत गेल्यामुळे हा बँड ताजा राहिला, हे स्मिथचं म्हणणं समीक्षकांनी जसंच्या तसं उचललं. माझ्या कानांना त्याचा पुरावा मिळत नाही.

याच्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम दाखला मी लपवणार नाही. मे 2006 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या ऐन मध्यात, ॲरिझोनामध्ये, तिघा वादकांनी बँड सोडला आणि ते सरळ मायदेशी परतले. दौरा रद्द करायला हवा होता. त्याऐवजी स्थानिक अमेरिकी वादक तातडीनं गोळा केले गेले, त्यांनी काही तासांत गाणी बसवली आणि पुढचे कार्यक्रम झाले. त्यांच्यापैकी टिम प्रेस्ली आणि रॉब बार्बाटो हे दोघं डार्कर माय लव्ह या बँडमधले होते. पुढच्या वर्षीच्या अल्बमवरही ही मंडळी आहेत, आणि तो अल्बम निःसंशय द फॉलचा वाटतो. मग स्मिथचं म्हणणं खरं ठरत नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. त्या अमेरिकी मुलांना ती गाणी काही तासांत वाजवता आली, कारण ती वाजवायची कशी हे आधीच्या माणसांनी पंचवीस वर्षं खपून ठरवून ठेवलं होतं: तुकडा छोटा घ्यायचा, हलायचं नाही, सजवायचं नाही. ती रीत त्यांना रेकॉर्डवरून मिळाली. ती रीत घडवणाऱ्यांची नावं त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहेत.

ही नावं शोधण्याचा ध्यास माझ्याआधी एका पत्रकारानं घेतला. गार्डियनमध्ये संगीतावर लिहिणाऱ्या डेव्ह सिम्पसन यांनी ठरवलं की द फॉलमध्ये येऊन गेलेल्या प्रत्येक माणसाला गाठायचं. 2005 च्या डिसेंबरात ते रॉदरम गावातल्या ब्राउन आडनावाच्या लोकांना एकामागून एक फोन करत होते, कारण काही आठवडे बेस वाजवून गेलेला एक ब्राउन त्या गावचा असल्याचं त्यांना कळलं होतं. त्या शोधातून 2008 मध्ये ‘द फॉलन’ हे पुस्तक झालं. कुणी सरकारी कचेरीत लागलेला, कुणी संगीतच सोडलेला, कुणी अजून रागावलेला. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या बोलण्यात येते: तिथे जे वाजवलं त्याचा अभिमान. सिम्पसन यांच्या पुस्तकाचं माझ्यावर मोठं ऋण आहे. फरक इतकाच की त्यांना माणसं भेटायची होती, मला त्यांनी वाजवलेलं ऐकायचं होतं. म्हणून पुढची प्रकरणं माणसांच्या नावांनी असली तरी प्रत्येकाच्या मध्यभागी एक ध्वनिमुद्रण आहे.

स्मिथबद्दल इथेच स्पष्ट बोलते, म्हणजे पुढे मन स्वच्छ राहील. त्याची दारू, त्याचं ॲम्फेटामिन, त्याचा हात उगारण्याचा स्वभाव यांवर विनोदी किस्से रचले गेले आहेत. सॅलडची ऑर्डर दिली म्हणून कुणाला काढलं, इत्यादी. हे किस्से सांगणारे बहुतेक जण त्या व्हॅनमध्ये बसलेले नव्हते. जे बसले होते त्यांच्या आठवणींत भीती आहे, रखडलेले पगार आहेत, अपमान आहेत. त्याच्या प्रतिभेची किंमत म्हणून हे सगळं द्यावंच लागतं, असं मी मानत नाही. आणि तरीही ‘हिप प्रीस्ट’ ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्या आवाजाइतका जिवंत आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. या दोन्ही गोष्टी मला एकमेकींत विरघळवता आल्या नाहीत. पुस्तकात त्या तशाच शेजारी शेजारी आहेत.

अखेरची वर्षं मात्र मी काहीशा ममतेनं लिहिली आहेत. 2004 मध्ये हाड मोडल्यावर स्मिथ टेबलामागे खुर्चीवर बसून कार्यक्रम करत होता. 2017 च्या जुलैत ‘न्यू फॅक्ट्स इमर्ज’ आला तोवर त्याचं शरीर थकून गेलेलं होतं. फुप्फुसांचा आणि मूत्रपिंडांचा कर्करोग होता. कार्यक्रम एकामागून एक रद्द होत होते. 4 नोव्हेंबर 2017 रोजी ग्लासगोच्या क्वीन मार्गारेट युनियनमध्ये त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून स्टेजवर आणलं गेलं. स्पर, ग्रीनवे आणि मेलिंग वाजवत होते. दहा वर्षांत त्यांना याची सवय झाली होती. तो थांबला की फिरत राहायचं, तो परत आला की जागा द्यायची. तो शेवटचा कार्यक्रम ठरला.

बँड संपल्यावर त्यातली माणसं वाजवायची थांबली नाहीत. ब्राम आणि बेन्स यांनी ‘ब्लू ऑर्किड्स’ केव्हाच काढला होता. ब्रिक्सनं हॅन्ली बंधूंना घेऊन नवा संच बांधला होता. आणि 2023 मध्ये ‘हाउस ऑफ ऑल’ या नावानं एक अल्बम आला. त्यावर पाच जण आहेत: मार्टिन ब्राम, स्टीव्ह हॅन्ली, पॉल हॅन्ली, सायमन वोल्स्टनक्रॉफ्ट आणि पीट ग्रीनवे. ब्राम हा 1976 चा पहिला गिटारवादक, ग्रीनवे हा ग्लासगोच्या त्या रात्रीचा शेवटचा. दोघं द फॉलमध्ये कधीच एकत्र नव्हते. एकानं बँड पहिल्यांदा सोडला आणि दुसरा आत आला, यांत अठ्ठावीस वर्षांचं अंतर आहे. दोन ड्रमर आहेत, 1982 सारखेच. स्मिथ नाही. मी तो अल्बम हेडफोन लावून ऐकला, आणि पहिल्याच गाण्यात बेस सुरू झाल्यावर खुर्चीवरून उठून उभी राहिले.